वेदना मोजायची कुठून?

साशंक : शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेवर नवं औषध किंवा नवी पद्धत निघाली, की ती ज्यांच्यावर तपासली जाते त्यांत गर्भाशय काढलेल्या बायका नेहमी पुढे असतात. संशोधकांना हे सोयीचं आहे. रुग्ण पुष्कळ मिळतात, बहुतेक जणी मध्यम वयाच्या आणि एरवी धडधाकट असतात, छेदाची जागा ठरलेली असते, त्यामुळे दोन गटांची तुलना सोपी जाते. चाचणीतली मोजणी भूल उतरल्यावर सुरू होते. दुसऱ्या तासाला किती दुखलं, सहाव्या तासाला किती, चोविसाव्या तासाला किती. ती बाई टेबलावर आलीच कशी, हा प्रश्न त्या वहीत नसतो. आपल्याकडे तो सगळ्यांत आधी विचारायला हवा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातल्या ३.२ टक्के स्त्रियांचं गर्भाशय काढलेलं आढळलं, आंध्र प्रदेशात हे प्रमाण ८.९ टक्के होतं, आणि शस्त्रक्रियेच्या वेळचं मध्यक वय होतं ३४. चौतिसाव्या वर्षी गर्भाशय काढण्याची वेळ यावी असा आजार इतक्या जणींना असणं शक्य नाही. बीडचं तर सगळ्यांना ठाऊक आहे. २०१९ मध्ये विधान परिषदेत आरोग्यमंत्र्यांनी सांगितलं की जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशयं काढली गेली. त्यानंतर नेमलेल्या समितीसमोर जी पाहणी आली तिच्यात ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. वयोगट तंतोतंत जुळणार नाहीत, हे धरूनही सहातली एक हे प्रमाण काय सांगतं? जी शस्त्रक्रिया व्हायलाच नको होती तिच्यानंतरची वेदना दोन गुणांनी कमी करून दाखवणारं संशोधन त्या शस्त्रक्रियेची वाट आणखी गुळगुळीत करतं, असं मला वाटतं.

समर्थक : तुम्ही दोन प्रश्नांना एका दावणीला बांधता आहात. शस्त्रक्रिया हवी होती की नको, हा एक प्रश्न. झालेल्या शस्त्रक्रियेनंतर आज रात्री तळमळणाऱ्या बाईला काय द्यायचं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मिळेपर्यंत दुसरा थांबवून ठेवता येत नाही. वेदना नुसती सोसायची गोष्टही नाही. टाक्यांच्या दुखण्यानं खोल श्वास घेववत नाही, खोकवत नाही, त्यामुळे छातीत कफ साठतो. उठून चालणं लांबतं, मग पायातल्या शिरांमध्ये रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती वाढते. डेन्मार्कचे शल्यचिकित्सक हेन्रिक केहलेट यांनी १९९० च्या दशकापासून हेच मांडलं की एकाच औषधाचा मोठा डोस देण्यापेक्षा वेगवेगळ्या मार्गांनी काम करणारी औषधं थोडी थोडी एकत्र द्यावीत, रुग्णाला लवकर खायला घालावं, लवकर उभं करावं. यातून जी शिस्त तयार झाली ती आज स्त्रीरोग शस्त्रक्रियांमध्येही रुजली आहे. शिवाय अनावश्यक शस्त्रक्रियांना लगाम घातलाच असेल तर तो चाचण्यांनी घातला आहे. ओटीपोटाच्या जुनाट दुखण्यावर गर्भाशयामागच्या बंधातल्या नसा दुर्बिणीतून जाळून टाकण्याची शस्त्रक्रिया अनेक वर्षं केली जात होती. कारण ऐकायला पटण्याजोगं होतं, वेदना वाहून नेणारी नसच तोडली की वेदना संपेल. ब्रिटनमध्ये ४८७ स्त्रियांवर चाचणी झाली, २००९ मध्ये निष्कर्ष आले, आणि नसा जाळलेल्या व न जाळलेल्या स्त्रियांमध्ये काही फरक नव्हता. त्याच दुखण्यावर सर्रास दिल्या जाणाऱ्या गॅबापेन्टिनची २०२० मध्ये ३०६ स्त्रियांवर चाचणी झाली. पोटात दुर्बिणीनं काही सापडलं नव्हतं अशा या स्त्रिया होत्या. औषध खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही, चक्कर आणि गुंगी मात्र त्याच गटात जास्त आढळली. डॉक्टरांच्या हातातला चिमटा खाली ठेवायला लावणारी दुसरी कुठली शक्ती तुम्ही दाखवू शकाल?

साशंक : नसा जाळण्याची चाचणी मी मोलाची मानतो, आणि तिचं मोल नेमकं कशात आहे तेही सांगतो. तिच्यात प्रश्न होता की ही शस्त्रक्रिया करावी का. वेदनाशमनाच्या बहुसंख्य चाचण्या हा प्रश्न घेतच नाहीत. त्या काय मोजतात ते जवळून पाहा. पोटाच्या बाजूला सुई घालून दोन स्नायूंच्या मधल्या थरात बधिर करणारं औषध सोडायचं, हल्ली हे अल्ट्रासाऊंडवर बघत करतात. त्या थरातून पोटाच्या भिंतीकडे जाणाऱ्या नसा काही तास गप्प होतात. २००८ मध्ये गर्भाशय काढलेल्या ५० स्त्रियांवर हे तपासलं गेलं आणि दोन दिवसांत लागणारं मॉर्फिन जवळपास निम्म्यावर आलं. २०१० मध्ये स्त्रीरोगातल्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियांवर हीच पद्धत तपासली, तर नेहमीच्या वेदनाशामकांच्या जोडीला तिचा वेगळा फायदा दिसला नाही. आता मला सांगा, मॉर्फिन मोजलं कसं? रुग्णाच्या हाताशी एक बटण असतं. दुखलं की दाबायचं, पंप ठरलेली मात्रा शिरेत सोडतो आणि पुढची काही मिनिटं बटण दाबलं तरी काही येत नाही. पंपानं किती मिलिग्रॅम दिलं तो आकडा म्हणजे वेदना. आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात असा पंप कुठे आहे? मॉर्फिन तरी कुठे आहे? वैध अफू पिकवणारा आपला देश, नीमच-मंदसौरला तिची शेतं आहेत, आणि १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या धाकानं रुग्णालयांनी हे औषध ठेवणंच सोडून दिलं. २०१४ मध्ये कायदा सैल झाला तरी कपाटं भरली नाहीत. म्हणजे ज्या मापानं जग वेदना मोजतं ते मापच आमच्या वॉर्डात नाही. साध्या गोळ्यांचा पुरावा बघायला जावं तर त्यातला मोठा वाटा अक्कलदाढ काढल्यानंतरच्या दुखण्यावरच्या चाचण्यांचा. दाढ निघाल्यावर जबडा दुखतो. गर्भाशय काढल्यावर पोटाची भिंत एका तऱ्हेनं दुखते आणि आतली जागा अगदी दुसऱ्या तऱ्हेनं. आतल्या दुखण्याच्या नसा वेगळ्या, त्या भिंतीतल्या इंजेक्शननं बधिर होत नाहीत.

समर्थक : तुमची उदाहरणं खरी आहेत, पण ती तुमच्याच विरुद्ध जातात. त्या दोन चाचण्यांतला फरक गूढ नाही. पहिलीत छेद आडवा, ओटीपोटावर होता, दुसरीत मधोमध उभा. ज्या नसा बधिर होतात त्यांचा पल्ला बेंबीच्या खालच्या भागापुरता, त्यामुळे लांब उभ्या छेदाला ते इंजेक्शन पुरलं नसेल तर त्यात नवल नाही. दोन्ही निकाल शेजारी ठेवल्यावरच ही गोष्ट कळते. अक्कलदाढेचा आक्षेपही संशोधकांनी स्वतःच घेतला. म्हणून आता शस्त्रक्रियेनुसार वेगळा पुरावा गोळा करणारे गट काम करतात, गर्भाशय काढण्यासाठी वेगळ्या शिफारशी, गुडघ्यासाठी वेगळ्या. त्यांचा गाभा बघा, पॅरासिटामॉल आणि डायक्लोफेनॅकच्या जातीचं औषध, मूत्रपिंड आणि जठर सांभाळून, दोन्ही घड्याळ लावून द्यायची, रुग्ण मागेपर्यंत थांबायचं नाही. लागलंच तर त्यावर जोरकस औषध. यासाठी पंप लागत नाही, अल्ट्रासाऊंड लागत नाही, परदेशी यंत्र लागत नाही. दर सहा तासांनी औषध देणारी परिचारिका लागते आणि तक्त्यावर तशी सही लागते. हे ज्ञान तालुक्याच्या रुग्णालयाला आजही परवडतं. ते तिथे पोचलं नाही हा दोष संशोधनाच्या माथी का मारायचा?

साशंक : कारण पोचतं तेव्हा त्यातलं किती खरं आहे याचीही खात्री नसते. वेगवेगळी औषधं एकत्र द्यावीत हा विचार अमेरिकेत ज्यांनी हिरिरीनं पसरवला त्यांत स्कॉट रूबेन हे भूलतज्ज्ञ होते. २००९ मध्ये उघड झालं की त्यांच्या २१ निबंधांतली माहिती बनावट होती, काही ठिकाणी रुग्णच नव्हते. पुढच्या वर्षी त्यांना तुरुंगवास झाला. जपानचे योशिताका फुजी शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीवर लिहीत, त्यातले अनेक निबंध स्त्रीरोग शस्त्रक्रिया झालेल्या बायकांवर होते. २०१२ मध्ये तिथल्या भूलशास्त्र संघटनेच्या चौकशीत १७२ निबंध बनावट ठरले. ज्या बायकांच्या नावावर हे आकडे छापले गेले त्यांना कोणी काही विचारलंच नव्हतं, कित्येक तर अस्तित्वातच नव्हत्या. या क्षेत्रात हे इतकं सहज का जमलं, याचा विचार करा. वेदना कोणाला दिसत नाही. रक्तदाबाचा आकडा यंत्र दाखवतं, वेदनेचा आकडा रुग्ण सांगतो आणि दुसरा कोणी लिहितो. मधल्या माणसानं तो स्वतःच लिहिला तर पकडणार कसं?

समर्थक : पकडलं, आणि आकड्यांनीच पकडलं. ब्रिटनच्या जॉन कार्लाइल यांनी फुजींच्या १६८ चाचण्यांमधल्या रुग्णांची वयं, वजनं, उंची यांची सांख्यिकी तपासली. खऱ्या रुग्णांमध्ये जेवढा विस्कळीतपणा असतोच तेवढा त्यात नव्हता. हातानं रचलेले आकडे नको तितके नीटनेटके निघाले. आज मोठी नियतकालिकं निबंध घेण्याआधी अशी तपासणी करतात. रूबेन यांचे निबंध वगळूनही घड्याळ लावून औषधं देण्याचा विचार उभा राहिला, कारण त्याच्यामागे इतरांच्या खऱ्या चाचण्या होत्या. आणि जिथे नव्हत्या तिथे तो कोसळला. प्रीगाबालिन-गॅबापेन्टिन शस्त्रक्रियेच्या आधी देण्याची लाट आली होती. २०२० मध्ये २८१ चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर रुग्णाला जाणवेल असा फायदा दिसला नाही, चक्कर मात्र वाढलेली दिसली. शंका घेण्याची जी जबाबदारी तुम्ही माझ्यापुढे ठेवता ती या विद्येनं स्वतःच्या अंगावर घेतलेली आहे.

साशंक : ठीक, आकडे खरे आहेत असं धरून चालू. तरीही तो आकडा वॉर्डात जन्माला कसा येतो ते पाहू. दहा सेंटिमीटरची आडवी रेघ, एका टोकाला 'अजिबात दुखत नाही', दुसऱ्या टोकाला 'कल्पना करता येईल तेवढं दुखतंय'. बाईनं त्यावर खूण करायची. सकाळच्या फेरीत डॉक्टर खाटेशी उभे, मागे परिचारिका, पायथ्याशी सासू किंवा नवरा. 'दुखतंय का?' 'थोडं.' या 'थोडं'मध्ये काय काय दडलेलं असतं हे आपल्या घरांत वाढलेल्या कोणालाही सांगावं लागू नये. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष मांडले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी एक किंवा अधिक आजार होते, आणि त्याआधी कधीतरी अशी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. या दोन आकड्यांच्या मधली जी दरी आहे ती न बोललेल्या दुखण्याची आहे. अंगावरून जातंय, कंबर धरते, ओटीपोटात कळा येतात, हे वर्षानुवर्षं बायका पोटातच ठेवत आल्या. जिला आयुष्यभर विचारलं नाही तिनं शस्त्रक्रियेनंतर सहाव्या तासाला रेघेवर बिनचूक खूण करावी, अशी अपेक्षा आहे.

समर्थक : गडचिरोलीचा दाखला देताना तो अभ्यास संशोधनच होता हे विसरू नका. गावात जाऊन, विश्वास मिळवून, तपासणी करून, आकडे मांडून त्यांनी जगाला दाखवलं की ग्रामीण स्त्रीचं आरोग्य म्हणजे फक्त बाळंतपण नव्हे. म्हणजे रेघ चुकीची ठरत नाही, विचारणारा माणूस चुकीचा ठरतो. खाटेशी उभ्या असलेल्या नातेवाइकांना बाहेर पाठवा, रेघेऐवजी 'उठून बसताना दुखतं का, खोकताना दुखतं का, रात्री जाग आली का' असं विचारा. हालचालीतली वेदना आणि स्वस्थ पडलेली वेदना वेगळी नोंदवावी हे आजच्या चांगल्या चाचण्यांत होतंच.

साशंक : मग तुमच्याच चांगल्या संशोधनातला एक निष्कर्ष तुमच्यापुढे ठेवतो, कारण माझा सगळा मुद्दा त्यावर उभा आहे. डेन्मार्कमध्ये कर्करोग नसताना गर्भाशय काढलेल्या हजाराहून अधिक स्त्रियांना वर्षभरानं विचारलं गेलं. २००७ मध्ये निकाल आला. ३१.९ टक्के स्त्रियांना तेव्हाही दुखत होतं. एवढ्या शस्त्रक्रियेनंतर, वर्ष उलटल्यावर, तिघींतल्या जवळपास एकीला! आणि कोणाला दुखत राहिलं? जिला आधीपासून ओटीपोटात दुखत होतं तिला जास्त. जिचं गर्भाशय मुळात दुखण्यासाठीच काढलं तिला जास्त. जिला अंगात दुसरीकडेही दुखणी होती तिला जास्त. वेदना घालवण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया वेदनेच्या बाबतीतच सगळ्यांत कमी भरवशाची निघाली. वारंवार कळा येत राहिल्या की मज्जारज्जू आणि मेंदूची वेदना ओळखण्याची घडण बदलते, साध्या ताणालाही त्या दुखण्यासारखं उत्तर देऊ लागतात. तो बदल पिशवीबरोबर बाहेर पडत नाही. म्हणून म्हणतो, पहिले अठ्ठेचाळीस तास मोजून थांबणारी चाचणी अपुरी आहे. मोजणी पहिल्या तक्रारीपासून सुरू व्हायला हवी आणि वर्षांनी मोजायला हवी.

समर्थक : इथे मी तुमच्याशी सहमत आहे. त्या डॅनिश अभ्यासातली आणखी एक गोष्ट मात्र जोडतो, कमरेतून भूल दिलेल्या स्त्रियांमध्ये वर्षानंतरचं दुखणं पूर्ण भूल दिलेल्यांपेक्षा कमी आढळलं. हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. पण पहिल्या काही तासांत वेदना कशी आवरली याचा वर्षानंतरच्या वेदनेशी धागा असू शकतो, म्हणून त्या तासांना क्षुल्लक म्हणू नका. आणि पहिल्या तक्रारीपासून मोजणाऱ्या चाचण्याही झाल्या आहेत. फिनलंडमध्ये अति रक्तस्राव होणाऱ्या २३६ स्त्रियांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटलं. एका गटाचं गर्भाशय काढलं, दुसऱ्या गटात गर्भाशयात थोडं थोडं संप्रेरक सोडणारी तांबी बसवली, जिला आपल्याकडे डॉक्टर मिरेना म्हणतात. पाच वर्षांनी दोन्ही गटांचं जीवनमान सारखंच होतं, खर्च तांबीच्या गटात कमी. ब्रिटनमध्ये ५७१ स्त्रियांवर हीच तांबी नेहमीच्या औषधांशी ताडून पाहिली, २०१३ मध्ये निकाल आला, दोन वर्षांत रोजच्या जगण्यावरचा रक्तस्रावाचा भार तांबीनं जास्त हलका केला. तुम्हाला जो प्रश्न चाचणीच्या वहीत हवा होता तो तिथे आहे, आणि उत्तर तुमच्या बाजूचं आहे. गर्भाशय न काढताही चालतं.

साशंक : त्या फिनिश चाचणीतला पुढचा आकडाही सांगा ना. तांबी बसवलेल्यांपैकी ४२ टक्के स्त्रियांनी पाच वर्षांच्या आत अखेर गर्भाशय काढून घेतलंच.

समर्थक : आणि ५८ टक्के स्त्रियांनी नाही. त्यांना ती शस्त्रक्रिया, तो छेद, ती वेदना, वर्षानंतरच्या दुखण्याची शक्यता, काहीच सोसावं लागलं नाही. उरलेल्या ४२ टक्के जणींनीही एक मार्ग वापरून पाहिला, मग ठरवलं. यात अपयश कुठे आहे?

साशंक : फिनलंडमध्ये नसेल. हाच आकडा बीडच्या बाईपाशी आणून बघा. तांबी बसवल्यावर पहिले काही महिने अवेळी, थेंबथेंब रक्तस्राव होत राहतो, हे सगळे डॉक्टर सांगतात. हेलसिंकीतली बाई त्या काळात तपासणीला जाते, तिला धीर दिला जातो, ती थांबते. इथली बाई दिवाळीनंतर कारखान्याच्या फडावर असते. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, दोघांनी मिळून मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली, एकाचा दिवस बुडाला की जोडीचा खाडा. पहाटे उठून पाचटात काम, न्हाणीघर नाही, पाणी विकतचं किंवा लांबचं, आणि मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचं. दर महिन्याला चार दिवस बुडणं तिला परवडत नाही, आणि अवेळी रक्तस्रावाचे चार महिने तर मुळीच नाही. म्हणून ती पिशवी काढते. तिचा हिशोब तिच्या परिस्थितीत चुकलेला नाही. तुमच्या जीवनमानाच्या प्रश्नावलीत मात्र खाड्याला रकाना नाही. शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे जड उचलू नको म्हणतात, ती मोळी कधी उचलते हेही कोणी नोंदवत नाही. मग ४२ या आकड्याचा अर्थ कोण लावणार? तिच्यासाठी ते ७० असतील किंवा १०, आणि दोन्ही वेळा त्याचं कारण गर्भाशयात नसेल.

समर्थक : हे मी टाळणार नाही. पण तुमच्या म्हणण्यातून जो उपाय निघतो तो मला धोक्याचा वाटतो. बीडमध्ये खासगी रुग्णालयांना गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. २०२२ मध्ये केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आली, ५ एप्रिल २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं राज्यांना ती लागू करायला सांगितली. हे व्हायलाच हवं होतं. पण जिच्या गर्भाशयाच्या स्नायूतच अस्तर रुतलेलं आहे, दर महिन्याला रक्त जाऊन अंगात पाच-सहा ग्रॅम हिमोग्लोबिन उरलंय, औषधं घेऊन झाली, तांबी निघून पडली, त्या बाईला शस्त्रक्रिया हीच सुटका आहे. तिनं आता परवानगीसाठी चकरा मारायच्या का? ती शेजारच्या जिल्ह्यात किंवा सीमेपलीकडे जाईल, तिथे कमी काळजीनं टाके घालून घेईल. प्रत्येक शस्त्रक्रियेकडे गुन्हा म्हणून बघितलं की खरी रुग्ण आरोपी ठरते, आणि तिच्या वेदनेकडे पुन्हा दुर्लक्ष होतं. या वेळी तुमच्यासारख्या भल्या माणसांकडून.

साशंक : परवानगीनं प्रश्न सुटत नाही हे मला मान्य आहे. परवानगी देणाऱ्याकडे दाखवायला पुरावा असावा, आणि तो इथला असावा, एवढंच मी मागतो. पुन्हा चाचणीच मागतो, हे माझ्या लक्षात येतंय. पण वेगळी. पहिली तक्रार घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात आलेल्या बायकांना घ्या. औषध, तांबी, शस्त्रक्रिया यांत वाटा, आणि पाच वर्षं त्यांच्या मागे जा. वेदना मोजा, रक्तस्राव मोजा, आणि खाडे मोजा, उचल फिटली का तेही मोजा.

समर्थक : तर मग आता शंका घेण्याची पाळी माझी. उचल घेतलेल्या बाईची संमती मोकळी असते का? फुकट तपासणी, फुकट औषध, फुकट शस्त्रक्रिया मिळणार म्हटल्यावर ती कुठल्याही कागदावर अंगठा देईल. मराठवाड्याला याचा अनुभव आहे. १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीवर प्रचंड अभ्यास झाला, १,३१,७४६ स्त्रिया, आजवरच्या सगळ्यांत मोठ्या अभ्यासांपैकी एक. तो कर्करोग घडवणाऱ्या विषाणूची एकच चाचणी एकदाच केली तरी त्या कर्करोगानं होणारे मृत्यू जवळपास निम्मे होतात, हे २००९ मध्ये त्यातून कळलं. जगभरच्या धोरणांनी त्याचा आधार घेतला. मी त्या अभ्यासाचा चाहता आहे.

साशंक : आणि त्यातल्या ज्या गटाला तपासणीच दिली गेली नव्हती, नेहमीचीच सेवा होती, आणि नेहमीची सेवा म्हणजे जवळजवळ काहीच नाही, त्या गटातल्या स्त्रियांचं काय? हा प्रश्न विचारलाही गेला होता.

समर्थक : विचारला गेला, आणि तो रास्त होता. म्हणूनच तुमच्या चाचणीत 'काहीच नाही' असा गट मी येऊ देणार नाही. प्रत्येक गटाला खरा उपचार मिळेल. पण अडचण तिथे संपत नाही. कर्जबाजारी स्त्रीची संमती दूषित म्हणून तिला चाचणीतून वगळलं, तर तिचे उपचार कायम फिनलंडच्या पुराव्यावर होणार. तिला घेतलं, तर तिच्या अडचणीचा फायदा घेतल्यासारखं होणार. यातलं मी घेणंच पसंत करीन, दोन अटींवर. गट कुठलाही असो, मध्येच मन बदललं तर दुसरा उपचार, शस्त्रक्रियासुद्धा, तिला मिळाली पाहिजे. आणि कुठला निकाल महत्त्वाचा, हे चाचणी आखताना तिच्यासारख्या बायकांनी ठरवलं पाहिजे. त्या खाडे म्हणाल्या तर खाडे मुख्य निकाल.

साशंक : दुसरी अट मला पूर्ण मान्य. पहिलीवर मी अडतो. समजा एक तिशीतली बाई तांबीच्या गटात आली. आजार मोठा नाही, तांबी चालली असती. तिसऱ्या महिन्यात ती म्हणाली, काढून टाका, हंगाम तोंडावर आहे. तुम्ही काढणार. अंडाशय राहिले तरी लवकर पाळीबंद होण्याची शक्यता वाढते. आणि ते गेले तर पंचेचाळिशीच्या आत दोन्ही गमावलेल्या स्त्रियांना हाडांचा, हृदयाचा धोका वाढतो हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. तिच्या होकारामागे मुकादमाचा हिशोब आहे हे तुम्हाला माहीत असताना तुम्ही सुरी घेणार.

समर्थक : सगळं समजावून सांगून, अंडाशय राखून, घेईन. तिचा होकार मी खोडणार नाही. त्याच्या मागे मुकादम आहे हे वहीत लिहीन, म्हणजे निकाल वाचणाऱ्याला कळेल की ४२ टक्क्यांतल्या किती जणी आजारानं आल्या आणि किती हंगामानं.

साशंक : मी त्या चाचणीच्या नैतिक समितीवर असतो तर या अटीवर सही केली नसती. फडावर महिनाभराची भरपगारी सुट्टी मिळेपर्यंत अशा होकाराला होकार म्हणायला मी तयार नाही.

समर्थक : आणि ती सुट्टी मिळवून देण्यासाठी कारखान्यापुढे, सरकारपुढे ठेवायला जो आकडा लागतो, तो तुम्ही सही केल्याशिवाय हाती येत नाही.